रॅबिटएमक्यूच्या रांगांवर नजर कशी ठेवावी

रॅबिटएमक्यू म्हणजे एका प्रोग्रामचे संदेश रांगेत ठेवून दुसऱ्याकडे पोचवणारा सर्व्हर. त्यात संदेश नेमका कुठे अडकला आहे हे नुसत्या लॉगवरून कळत नाही, म्हणून त्याच्यासोबतच येणारे मॅनेजमेंट प्लगइन आधी चालू करावे. ‘रॅबिटएमक्यू-प्लगइन्स’ या कमांडने ‘रॅबिटएमक्यू_मॅनेजमेंट’ इनेबल केले की सर्व्हर बंद न करताही १५६७२ या पोर्टवर पाहणीचे पान ब्राउझरमध्ये उघडते. मूळचा गेस्ट युजर फक्त त्याच मशीनवरून आत शिरू शकतो. तेव्हा वेगळा युजर तयार करून त्याला मॉनिटरिंग हा टॅग द्यावा, नुसते पाहणाऱ्याला अॅडमिनिस्ट्रेटर करण्याचे कारण नाही.

यानंतर क्यूज या टॅबवरील तक्त्याच्या डोक्याशी असलेल्या अधिक-उणे चिन्हावर क्लिक करून कोणते रकाने दिसावेत ते ठरवता येते. टोटल हा आकडा माझ्या मते सर्वांत फसवा. त्याऐवजी रेडी (अजून कोणाला न दिलेले संदेश), अनॅक्ड (दिलेले, पण पोच न आलेले) आणि कन्झ्युमरची (संदेश घेणाऱ्या प्रोग्रामची) संख्या शेजारीशेजारी ठेवावी. समजा एका रांगेत रेडी ०, अनॅक्ड २५० आणि कन्झ्युमर १ असे दिसले, तर रांग रिकामी आहे असे समजू नये. प्रीफेचची, म्हणजे पोच न देता एका वेळी किती संदेश घेता येतील याची, मर्यादा न घातल्यामुळे त्या एकाच कन्झ्युमरने सगळे संदेश उचलून स्वतःकडे ठेवले आहेत आणि पोच मात्र दिलेली नाही. आता दुसरा कन्झ्युमर जोडला तरी त्याच्या वाट्याला जुन्यातले काहीच येणार नाही. याउलट रेडी वाढत असेल आणि कन्झ्युमर ० असेल, तर दोष रांगेचा नसून घेणारा प्रोग्राम बंद पडला आहे.

रांगेतला संदेश पाहण्यासाठी असलेले गेट मेसेजेस हे बटण निरुपद्रवी वाटते, पण त्याने संदेश खरोखर रांगेतून बाहेर येतो. परत ठेवला तरी त्यावर रीडिलिव्हर्ड (पुन्हा दिलेला) अशी खूण राहते. चालू व्यवहाराच्या रांगेवर ते वापरू नये.

या पानावरचे आलेख जास्तीत जास्त एका दिवसाचे असतात. त्याहून मागचे पाहायचे असेल तर ‘रॅबिटएमक्यू_प्रोमेथियस’ हे प्लगइनही इनेबल करून १५६९२ या पोर्टवरील आकडे प्रोमेथियस या आकडे साठवणाऱ्या प्रणालीत ठेवावेत आणि ग्राफाना या आलेख काढणाऱ्या साधनात दाखवावेत. मात्र तिथे मुळात सर्व रांगांची बेरीज मिळते, आणि बेरजेत अडलेली एक रांग सहज लपते. रांगनिहाय आकड्यांसाठी पत्त्यात ‘मेट्रिक्स’नंतर ‘पर-ऑब्जेक्ट’ जोडावे लागते. रांगा हजारोंनी असतील तर हा भार सर्व्हरला जाणवतो, तेव्हा ‘डिटेल्ड’ हा पत्ता वापरून हवे तेवढेच आकडे मागवावेत.