इलियड पहिल्यांदा वाचताना

नवा वाचक इलियड, म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य, जिथे सोडतो ती जागा बहुधा ठरलेली असते: दुसऱ्या सर्गाचा उत्तरार्ध. पहिला सर्ग भांडणाचा, त्याच्या ६११ ओळी कधी सरल्या ते कळतही नाही. मग जहाजांची यादी सुरू होते. २९ तुकड्या, १,१८६ जहाजं, प्रत्येक तुकडीचं गाव, तिचा सरदार, त्या सरदाराचा बाप. पुस्तकात खुणेची पट्टी पडते आणि ते कपाटात जातं. पहिल्या वाचनात ही यादी खुशाल सोडा. पाच आकडे तेवढे वहीत उतरवून घ्या: अ‍ॅगमेम्नॉनची १०० जहाजं, नेस्टरची ९०, मेनेलाउसची ६०, अकिलीसची ५०, ओडिसियसची १२. सगळ्यात जास्त जहाजं आणणारा अ‍ॅगमेम्नॉन आणि सगळ्यात जास्त लढणारा अकिलीस हे दोन वेगळे पुरुष आहेत, आणि काव्यातलं भांडण तिथूनच पेटतं.

दुसरी चूक म्हणजे आधी देवांची वंशावळ पाठ करून मग होमरकडे वळणं. असा वाचक लाकडी घोडा आणि अकिलीसची टाच शोधत बसतो, आणि इलियडमध्ये दोन्ही नाहीत. हे काव्य युद्धाच्या दहाव्या वर्षातल्या जेमतेम पन्नासेक दिवसांचं आहे आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापाशी थांबतं. घोड्याची गोष्ट होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत, येते, आठव्या सर्गात एक आंधळा गायक ती गातो. टाचेची कथा त्याहून कितीतरी शतकं नंतरची, रोमन काळातली.

प्रत बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चाळा, हंसा मेहता ग्रंथालयात चाळा नाहीतर रद्दीवाल्याच्या ढिगात, घरी आणण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिल्या ओळीत ‘क्रोध’ आहे का? मूळ ग्रीक काव्याचा पहिलाच शब्द ‘मेनिन’, म्हणजे क्रोध, असा आहे. समासात ओळींचे क्रमांक आहेत का? ते नसतील तर दोघांनी दोन वेगळ्या प्रती घेऊन एकत्र वाचणं अशक्य होतं. आणि नावं ग्रीक आहेत की रोमन? ज्युपिटर, युलिसिस दिसले तर तेच देवांचा राजा झ्यूस आणि ओडिसियस, हे वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवा.

त्याच पानावर बारा माणसांचा तक्ता करा: नाव, बापाचं नाव, बाजू, दुसरी नावं. कौंतेय, पार्थ आणि धनंजय एकच हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. इथेही ‘पेलेइदेस’ म्हणजे पेलेउसचा मुलगा अकिलीस, ‘अत्रेइदेस’ म्हणजे अ‍ॅगमेम्नॉन किंवा त्याचा भाऊ मेनेलाउस. हेक्टरचा भाऊ पॅरिस याला अलेक्झांड्रोसही म्हणतात, ट्रॉयला इलिऑन. ग्रीकांना मात्र कवी ‘ग्रीक’ म्हणत नाही. अखियन, अर्गिव्ह, दनान ही तिन्ही नावं एकाच सैन्याची.

आता समाज. भाषांतरातला ‘राजा’ हा शब्द इथे फसवतो. मूळ शब्द ‘बासिलेउस’, आणि छोट्याशा इथाका बेटावरही असे अनेक बासिलेउस आहेत, असं ओडिसीत ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस स्वतः सांगतो. ‘सरदार’ म्हटलं की चित्र जागेवर बसतं. अ‍ॅगमेम्नॉन सरदारांमधला पहिला आहे, पण बाकीचे त्याचे नोकर नाहीत. आपापली जहाजं घेऊन आलेले आहेत आणि रुसले तर जहाजं समुद्रात लोटून घरी जाऊ शकतात. जुन्या दरबारांतले मानकरी, मानाची जागा, मानाचा विडा यांच्या आठवणी बडोद्यातल्या घरांत ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना पुढचे दोन शब्द लगेच कळतील. ‘तिमे’ म्हणजे मान. ‘गेरास’ म्हणजे लुटीतून सगळ्यांदेखत दिलेला मानाचा वाटा. वाटा काढून घेतला की वस्तू जाते आणि तिच्याबरोबर सगळ्यांदेखत मानही जातो.

पहिला सर्ग या दोन शब्दांच्या उजेडात वाचा. अपोलो देवाचा पुजारी खंडणी घेऊन लेकीला सोडवायला येतो, अ‍ॅगमेम्नॉन त्याला हाकलून देतो. अपोलोच्या कोपाने नऊ दिवस छावणीत साथ पसरते, दहाव्या दिवशी अकिलीस सभा बोलावतो. अ‍ॅगमेम्नॉनला ती मुलगी, क्रिसेइस, परत करावी लागते. म्हणजे त्याचा वाटा गेला, म्हणून तो अकिलीसचा वाटा, ब्रिसेइस, उचलतो. अकिलीस तलवार उपसायला लागतो तेव्हा अथीना देवी मागून येऊन त्याचे केस धरते, आणि ती दुसऱ्या कोणालाच दिसत नाही. मग तो सोन्याचे खिळे ठोकलेला राजदंड जमिनीवर आपटतो. हा दंड ज्याच्या हातात त्याने सभेत बोलायचं असा रिवाज आहे, म्हणून दंड आपटणं म्हणजे सभाच झुगारणं. तिथून तो लढाईतूनही बाहेर पडतो. ज्या दोन स्त्रियांवरून हे सगळं चाललं आहे त्यांना या सर्गात एकही वाक्य मिळत नाही. ब्रिसेइस बोलते ती थेट एकोणिसाव्या सर्गात, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर रडताना. ती जागा चुकवू नका.

या जगात नाणं नाही. किंमत बैलांत मोजतात. तेविसाव्या सर्गात कुस्तीचं पहिलं बक्षीस एक मोठी तिवई, किंमत बारा बैल. हरणाऱ्याला कामात तरबेज अशी एक स्त्री, किंमत चार बैल. हे वाचताना पोटात कालवतं, आणि कालवायलाच हवं. शूरांच्या या काव्यात गुलामगिरी जमिनीसारखी सगळीकडे पसरलेली आहे.

नववा सर्ग सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो. अ‍ॅगमेम्नॉन भरपाई देऊ करतो: सात तिवया, दहा टॅलेंट (वजनाचं माप) सोनं, वीस हंडे, बारा घोडे, सात स्त्रिया आणि ब्रिसेइसही परत. अकिलीस नाही म्हणतो आणि वाचकाला तो हट्टी वाटतो. इथे दोन जागा शेजारी ठेवून वाचा. ओळ १२० ते १६१ मध्ये अ‍ॅगमेम्नॉन बोलतो. तीच यादी दूत म्हणून गेलेला ओडिसियस अकिलीसपुढे जवळजवळ शब्दशः म्हणतो, ओळ २६० च्या पुढे. पण शेवटच्या चार ओळी तो गाळतो. त्या चार ओळींत अ‍ॅगमेम्नॉन म्हणालेला असतो की अकिलीसने नमावं, कारण मी त्याच्याहून मोठा सरदार आहे आणि वयानंही वडील. गाळलेलं अकिलीसला ऐकू आलेलं नाही, तरी त्याला ते उमगतं. माल परत येतो आहे, मान येत नाही. ही तुलना पेन्सिलीने खुणा करून स्वतः करावी, अर्धा तास लागतो.

काळाबद्दल एक सावधगिरी. काव्यातला समाज कोणत्याही एका शतकाचा नाही. ग्रीसमधल्या प्राचीन मायसीनी संस्कृतीचे राजवाडे इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास कोसळले, मातीच्या पाट्यांवरची त्यांची लिपीही विसरली गेली. मायकेल व्हेंट्रिस यांनी ती १९५२ मध्ये उलगडली. त्या मातीच्या पाट्यांवर सर्वोच्च राजा ‘वानाक्स’ आहे आणि ‘बासिलेउस’ हा गावपातळीवरचा साधा अधिकारी. काव्य लिपीत आलं ते साधारण इ. स. पूर्व आठव्या शतकात किंवा त्याच्या थोडं पुढेमागे, फिनिशियनांकडून वर्णमाला घेतल्यावर. मधली चार-पाचशे वर्षं ते तोंडातोंडी होतं, म्हणून त्यात थर आहेत. दहाव्या सर्गातलं रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण मायसीनी काळातलं, उत्खननात सापडलेलं. पण प्रेतं जाळण्याची रीत नंतरची.

तोंडातोंडी म्हणजे काय हे बडोद्याला नव्याने सांगायला नको. सतराव्या शतकातला गुजराती आख्यानकवी प्रेमानंद याच गावचा. बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या माणेवर, म्हणजे घड्यावर, ठेका धरत आख्यान गाणारा माणभट आठवा, होमरच्या गायकाच्या हातात माणेऐवजी तंतुवाद्य असे. म्हणून मोठ्याने वाचा. सरासरी सर्ग साडेसहाशे ओळींचा, पाऊणएक तास पुरतो.

मूळ छंदाची चव घ्यायला ग्रीक येण्याची गरज नाही, लघु-गुरू कळले की झालं. ओळीत सहा तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे आपला ‘भ’ गण: गुरू, लघु, लघु, जसा ‘केशव’. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, पण पाचव्या तुकड्यात सहसा नाही. शेवटचा तुकडा दोनच अक्षरांचा. पहिली ओळ अशी:

मे नि न । एइ दे थे । आ पे । ले इ अ । द्यो अ खि । ले ओस

‘मे’, ‘एइ’, ‘आ’, ‘पे’, ‘ले’, ‘द्यो’ लांब. दुसऱ्या तुकड्यातले ‘दे’ आणि ‘थे’ मात्र ऱ्हस्व म्हणायचे. नेहमीच्या देवनागरीत ऱ्हस्व ए लिहिता येत नाही म्हणून ते लांबवले जातात आणि ठेका मोडतो. यती ‘आ’ नंतर. टेबलावर चार-चार मात्रांची टाळी देत दहा वेळा म्हणा, अकराव्यांदा ओळ आपोआप चालायला लागते.

‘चपळ पायांचा अकिलीस’ बसलेला असतानाही चपळ पायांचाच असतो. नव्या वाचकाला हा निष्काळजीपणा वाटतो. पण अभंगात विठ्ठल ‘विटेवरी उभा’ असतो तेव्हा तो आत्ता काय करतो आहे हे कोणी विचारत नाही, ते त्याचं नावच असतं. गायकाला ओळीच्या उरलेल्या मात्रा भरायला ही तयार विशेषणं लागत. वाचताना ती गाळू नका, ठेका त्यांच्यावरच तोलला आहे.

महाभारताशी तुलना मनात येणारच, आणि बरीच कामाला येते. ‘झ्यूस पातेर’ आणि वेदातला ‘द्यौष्पिता’ हे शब्द सख्ख्या नात्यातले आहेत. अकिलीस ज्याला ‘क्लेओस आफ्थितोन’ म्हणतो त्या अक्षय कीर्तीचं भावंड ऋग्वेदात ‘श्रवः’ आणि ‘अक्षितम्’ या शब्दांत सापडतं. पण एका जागी ही तुलना तोडावी लागते. इथे पुनर्जन्म नाही आणि कर्माचा हिशेबही नाही. मेलेला माणूस पाताळात नुसती सावली होतो. ओडिसीच्या अकराव्या सर्गात मेलेला अकिलीस म्हणतो की सगळ्या मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी करणं परवडलं. पुढचा जन्म नसल्यामुळेच कीर्तीला एवढं मोल आहे. हे सुटलं की इलियड नुसती मारामारी वाटते.

पहिल्या फेरीला आठ शनिवार ठेवा, एका बैठकीत एक सर्ग: १, ३, ६, ९, १६, १८, २२, २४. सहाव्यात हेक्टरच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून त्याचं तान्हं बाळ दाईच्या कुशीत दडतं, आणि तो हसून शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. ही जागा हळू वाचा, बाविसाव्यात हेक्टर मरताना ती परत आठवेल. चोविसाव्यात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम अकिलीसचे गुडघे धरतो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो. त्या दिवशी चर्चेसाठी वेगळा अर्धा तास राखून ठेवा.

दुसऱ्या फेरीत सगळे २४ सर्ग ओळीने, जहाजांची यादीही. या खेपेला ती नकाशा समोर ठेवून वाचा. ओडिसी त्यानंतर. तिचे पहिले चार सर्ग मुलाचे, टेलेमाकसचे, आहेत, नायक ओडिसियस पाचव्यात भेटतो, हे आधी माहीत असलं की चुकल्यासारखं वाटत नाही.