इनुइट समाजात डिमेन्शिया स्क्रीनिंग: या कामात यायचं असेल तर

कॅनडात मास्टर्सला आलेल्या आपल्या मुलामुलींचे मला बऱ्याचदा मेसेज येतात, कुणी ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) केलेलं असतं, कुणी नर्सिंग, कुणी सायकॉलॉजी, आणि प्रश्न साधारण एकच असतो की ताई, इंडिजिनस हेल्थमध्ये काम करायचंय, डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) इंटरेस्ट आहे, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच नीट लिहिते. मी नागपूरला ऑक्युपेशनल थेरपी केली, मग इथलं लायसन्स घेतलं आणि आता ओटावात वयस्कर पेशंट्सबरोबर काम करते, त्यातले बरेच जण नुनावुतहून, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक भागातून आलेले इनुइट, तिथले मूळ रहिवासी, असतात.

आधी थोडा भूगोल, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळत नाही. नुनावुत 1 एप्रिल 1999 ला वेगळी टेरिटरी झाली, त्याआधी तो नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा भाग होता. 25 वस्त्या आणि एकीला दुसरीशी जोडणारा रस्ता नाही, जायचं तर विमानाने. बहुतेक गावांत हेल्थ सेंटर नर्सेस चालवतात, डॉक्टर अधूनमधून येऊन जातात, स्पेशालिस्ट हवा असेल तर पेशंटलाच साउथला पाठवतात. बॅफिन भागातले लोक ओटावाला येतात, किवालिकचे विनिपेगला. आणि हो, शाळेत आपण जो 'एस्किमो' शब्द शिकलो तो इथे वापरायचा नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. स्क्रीनिंग म्हटलं की आपल्याला वाटतं चांगलीच गोष्ट आहे, लवकर कळलं तर बरं. पण या समाजाने स्क्रीनिंग एकदा बघितलेलं आहे. 1950 पासून 'सी. डी. हाउ' नावाचं सरकारी जहाज आर्क्टिकमधल्या वस्त्यांना जायचं, जहाजावरच एक्स-रे काढायचे आणि ज्याला टीबी निघाला त्याला बऱ्याचदा घरी जाऊन निरोपसुद्धा घेऊ द्यायचे नाहीत, तसंच साउथच्या सॅनटोरियममध्ये न्यायचे, हॅमिल्टनला वगैरे. 1956 च्या सुमाराला साधारण दर सात इनुइटांमागे एक जण असा घरापासून लांब दवाखान्यात होता. कित्येक जण परत आलेच नाहीत, आणि त्यांना कुठे पुरलं हेही घरच्यांना कळलं नाही. 2019 मध्ये पंतप्रधान ट्रूडोंनी इकालुइटला, म्हणजे नुनावुतच्या राजधानीला, जाऊन त्याबद्दल माफी मागितली. त्याच काळात सरकारने लोकांना नंबर दिले होते, गळ्यात घालायची छोटी चकती, त्यावर ई आणि पुढे आकडे, आणि ऑफिशियल कागदावर माणसाची ओळख तो नंबर. आज जे सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत त्यांच्या लहानपणीची ही गोष्ट आहे.

म्हणजे तुम्ही बाहेरून येऊन, फॉर्म हातात घेऊन, आजींना "जरा तुमची मेमरी चेक करू" म्हणता तेव्हा त्या गप्प का होतात हे समजून घ्या. आणि भीती काही फक्त जुनी नाही. डिमेन्शिया वाढल्यावर लागणारी चोवीस तासांची काळजी नुनावुतमध्ये फार कमी ठिकाणी मिळते, त्यामुळे कितीतरी एल्डर्सना (वडीलधाऱ्यांना) ओटावातल्या केअर होममध्ये यावं लागलंय, जिथे आजूबाजूला आपली भाषा नाही, सीलचं मांस नाही, आर्क्टिक चार नावाचा मासा नाही, नातवंडं नाहीत. घरच्यांच्या मनात निदान म्हणजे आईला विमानात बसवणं. म्हणून माझं ठाम मत आहे की त्या गावात निदानानंतर घरच्यांना काय मदत मिळणार आहे हे तुम्हाला सांगता येत नसेल तर टेस्ट काढूच नका, आधी ती माहिती गोळा करा. होम केअर कोण बघतं, घरी मदतनीस येऊ शकतो का, सांभाळणाऱ्या लेकीला चार दिवस उसंत मिळण्याची काही सोय आहे का. स्क्रीनिंगचा पहिला भाग हाच आहे असं मी धरते.

आता टेस्टकडे येऊ. तुम्ही कोर्समध्ये स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासायच्या दोन टेस्ट शिकाल, एमएमएसई, 1975 ची, आणि मोका, जी 2005 मध्ये मॉन्ट्रियलमधून आली. दोन्ही 30 मार्कांच्या. मोकाच्या मूळ फॉर्ममध्ये सिंह, गेंडा आणि उंटाचं चित्र ओळखायचं असतं, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, क्यूब बघून काढायचा, शंभरातून सात-सात वजा करायचे, आणि शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक मार्क वाढवायचा. बर्फावरच्या कॅम्पमध्ये जन्मलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला हा एक मार्क कुठे पुरणार? गंमत म्हणजे शाळेत न गेलेले हेच एल्डर्स सिलॅबिक्समध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेच्या लिपीत, बायबल घडाघडा वाचतात, म्हणजे अशिक्षित म्हणायचं तर तेही चूक, फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी खानाच नाही. ऋतू कोणता विचाराल तर तिकडे सहा ऋतू धरतात, तुमच्या उत्तरपत्रिकेत चारच. जन्मतारीख बऱ्याच जणांची कुणीतरी अंदाजाने लिहिलेली. हिवाळ्यात ग्रीस फिओर्डसारख्या ठिकाणी तीन महिन्यांहून जास्त सूर्यच उगवत नाही, तिथे "आता साधारण किती वाजले असतील" विचारून तुम्हाला नक्की काय कळणार?

एक गोष्ट कोणत्याही कोर्समध्ये सांगत नाहीत आणि ती न कळल्यामुळे चार्टवर भलतंच लिहिलं जाऊ शकतं. इनुइट लोक गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातंही येतं. म्हणजे नातीला स्वतःच्या आईचं नाव दिलं असेल तर आजी त्या पाच वर्षांच्या पोरीला 'आई' म्हणूनच हाक मारते. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण त्याला कुणी बाबा म्हणून बोलावत नाही, त्यामुळे आपल्यालासुद्धा हे पटकन लक्षात येत नाही. आजी नातीला आई म्हणतात म्हणून 'माणसं ओळखत नाहीत' असं लिहायच्या आधी घरच्यांना विचारा. तसंच उत्तर 'हो' असेल तर बरेच जण नुसत्या भुवया उंचावतात आणि 'नाही' असेल तर नाक आखडतात, तुम्ही कागदात डोकं घालून बसलात तर उत्तर आलं होतं हेच तुम्हाला दिसणार नाही. शांत बसणं म्हणजे विचार करणं असू शकतं, लगेच पुढचा प्रश्न विचारू नका.

आणि कान तपासा! कानाचं इन्फेक्शन तिकडे लहानपणापासून खूप, त्यात आयुष्यभर बंदूक आणि स्नोमोबीलचा आवाज, त्यामुळे कमी ऐकू येणारे एल्डर्स भरपूर. ऐकू न आलेल्या शब्दाला विसरलेला शब्द म्हणायचं का? मोतीबिंदू, थायरॉइड, बी-12, डिप्रेशन, डिलिरियम (आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ) हे सगळं आधी बघायचं, ते इतरांसारखंच.

मग विचारायचं काय? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त कळतं ते घरच्यांशी निवांत बोलून. इथल्या नेहमीच्या फॉर्ममध्ये चेक लिहिता येतो का, एकटे बसने जाता का असले प्रश्न असतात, ते बाजूला ठेवा. उलूने (बायकांच्या अर्धगोल सुरीने) कातडं साफ करताना आता चुकतं का, कामिक (कातड्याचे बूट) शिवायला घेतात आणि अर्धवट ठेवतात का, बॅनक (तिकडची साधी पावासारखी भाकरी) करताना काही घालायचं राहतं का, होंडा (तिकडे कुठल्याही कंपनीच्या एटीव्हीला, म्हणजे खडबडीत वाटेवरच्या चारचाकी बाइकला, होंडाच म्हणतात) घेऊन गेलेला माणूस ओळखीच्या वाटेवर चुकला का, बर्फ कुठे पातळ आहे हे आधी ज्यांना लोक विचारायचे ते आता ते सांगू शकतात का. त्या माणसाचं आधीचं आणि आत्ताचं, यात फरक किती पडला ते बघायचं. उलटी बाजूही आहे, घरचे इतकं सांभाळून घेतात की बदल लपून राहतो, आणि उणे चाळीसमध्ये माणूस रात्री घराबाहेर पडला तर वेळ फार थोडा असतो. त्यामुळे "संस्कृती वेगळी आहे, सोडून द्या" हेसुद्धा चालत नाही.

या सगळ्यावर काम झालेलं आहे, तुम्ही शून्यापासून सुरू करत नाही. ऑस्ट्रेलियात किंबर्ली भागातल्या अबॉरिजिनल लोकांसाठी किका नावाची टेस्ट केली, 39 मार्कांची, त्यात कंगवा, काडेपेटी, पाण्याचा मग अशा खऱ्या वस्तू दाखवून नंतर आठवायला सांगतात, आणि घरच्यांसाठी वेगळा भाग आहे. तिच्यावरून कॅनडात मॅनिटूलिन बेटावरच्या अनिशिनाबे लोकांबरोबर बसून सिका तयार झाली. पण अनिशिनाबे हे फर्स्ट नेशन्स या मूळ रहिवाशांच्या दुसऱ्या गटातले, इनुइट वेगळे, म्हणून ती जशीच्या तशी उचलून इकालुइटला नेता येत नाही. तिथून पद्धत मात्र नक्की घ्यावी, म्हणजे एल्डर्सनी प्रत्येक प्रश्न बघायचा, नको तो काढायचा, स्थानिक माणसांनीच विचारायचा, मग तपासून बघायचं की खरंच चालतो का. भारतातून आलेल्यांनी बल्लभगडची हिंदी टेस्टसुद्धा जरूर वाचावी, हरयाणात लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी 1990 च्या दशकात केलेली, त्यात सात-सात वजा करण्याऐवजी वार उलटे म्हणायला सांगतात. आपल्याकडे हा प्रश्न आधीच येऊन गेलाय, आणि इंटरव्ह्यूमध्ये ते नीट सांगता आलं तर समोरचे लक्ष देऊन ऐकतात.

इंटरप्रिटरबद्दल थोडंसं. इनुइटांची भाषा इनुक्टिटुट, पण गावागावात बोली बदलते, पश्चिमेला कुगलुकटुककडे इनुइनाक्तुन आहे आणि ते रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे "इनुक्टिटुटचा कुणीतरी द्या" एवढं पुरत नाही. टेस्टच्या आधी त्यांच्याबरोबर बसून प्रत्येक प्रश्न कशासाठी आहे ते बोला, नाहीतर प्रेमाने ते पेशंटला उत्तर सुचवतील, आणि पेशंट त्यांचे कुणीतरी नातेवाईक असण्याची शक्यता भरपूर.

रिसर्च करायचा असेल तर युनिव्हर्सिटीची एथिक्स परवानगी पुरेशी नसते. नुनावुतमध्ये नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूटचं लायसन्स लागतं. इनुइट तापिरीत कानातामी या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये रिसर्चबद्दलचं धोरण काढलं, प्रपोजलचा पहिला शब्द लिहायच्या आधी ते वाचा, आणि इकालुइटच्या काउजिगियार्तीत हेल्थ रिसर्च सेंटरचं कामही बघा. एक-दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये नवी टेस्ट बनवायचं स्वप्न सोडा, आधीच चालू असलेल्या टीममध्ये छोटं काम घ्या.

ओटीवाल्यांसाठी: भारतातली डिग्री असेल तर आधी सीस असेसमेंट (तुमचं शिक्षण इथल्या तोडीचं आहे का ते तपासणं), मग एनओटीसीई ही ओटीची राष्ट्रीय परीक्षा, मग प्रॉव्हिन्सचं रजिस्ट्रेशन, यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो, लवकर सुरू करा. ते चालू असताना ओटावा, विनिपेग किंवा मॉन्ट्रियलमध्ये वयस्करांसोबत व्हॉलंटियरिंग करा, इनुक्टिटुटचे सुरुवातीचे धडे घ्या. आणि नॉर्थला जायची संधी मिळाली तर परतीच्या तिकिटात दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, ब्लिझार्डमध्ये विमानं उडत नाहीत. बजेटमध्ये इंटरप्रिटरचे आणि एल्डर्सच्या मानधनाचे पैसे पहिल्या ओळीत टाका, आणि निकाल गावात परत जाऊन इनुक्टिटुटमध्ये सांगायच्या ट्रिपचेसुद्धा, कारण ग्रँट कमी पडली की सगळ्यात आधी तीच ट्रिप कापतात.