ओपन इलेक्टिव्ह घेताय? आधी सीनियरची वही मागा

ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या मुख्य विषयाबाहेरचा, आपण निवडायचा विषय. ‘विषय कसा आहे?’ विचारलं की सीनियर ‘भारी’ नाहीतर ‘बोअर’ एवढंच सांगतात. त्यावरून काही ठरवता येत नाही.

१. नियमित बसणाऱ्या दोघांच्या वह्या मागा, एकाने दांड्या मारलेल्या असू शकतात.
२. तारखा मोजा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास शिकवणं. दोन क्रेडिटच्या विषयाचे ३० तास व्हायला हवेत. मी पाहिलेल्या एका वहीत नऊच तारखा होत्या आणि शेवटचं युनिट झेरॉक्सवर! तो विषय मी सोडला.
३. तपासलेली असाइनमेंट बघा. समासात शेरे असतील तर गुण कुठे गेले ते कळतं. नुसती सही असेल तर विचार करा.

फक्त यंदाही तेच सर शिकवणार का, हे विभागात विचारूनच फॉर्म भरा.