चर्चला बोलावलंय? आधी यजमानांचं गाव विचारा

"तुम्ही कॅथलिक की ख्रिश्चन?" असं विचारणारे पुण्यात मला अजून भेटतात. कॅथलिक ख्रिश्चनच असतात, एवढं सांगते आणि पुढचा प्रश्न येण्याची वाट बघते. तो येतोच, कारण माझं माहेर नगरचं, सी.एन.आय. म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीतलं आणि सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे सोसायटीत कुणाला लग्नाची पत्रिका आली, ऑफिसात कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असला, कुणाचे वडील गेले, की फोन मला: "अगं, तिथं जाऊन करायचं काय असतं?" त्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवते.

पहिलं काम म्हणजे यजमानांचं मूळ गाव विचारणं. "तुमचा पंथ कोणता" असं विचारलंत तर समोरचा गडबडतो, आणि खरं सांगायचं तर अनेकांना नीट सांगताही येत नाही. गाव मात्र सगळे सांगतात. महाराष्ट्रात जुन्या ख्रिस्ती घराण्यांचा पंथ कुणी पुस्तकं वाचून निवडलेला नाही. ज्या तालुक्यात जे मिशन आलं, तो त्या घराचा पंथ. एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून बऱ्याच प्रोटेस्टंट मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. म्हणून नगर-सोलापूरकडची जुनी घराणी बहुतेक त्यांची. जालन्याकडे स्कॉटिश मिशन. अकोला-खामगावकडचा माणूस असेल तर अलायन्स, वाशीम-बुलढाण्याचा असेल तर नाझरिन, यवतमाळचा असेल तर फ्री मेथडिस्ट, असा माझा अंदाज सहसा चुकत नाही. काही मिशनांनी ही वाटणी मानली नाही. नगरात तर अँग्लिकनही (इंग्लंडच्या चर्चचे) आले आणि मुक्तिफौजही (साल्व्हेशन आर्मी) आली, त्यामुळे एकाच गल्लीत मावशी एका चर्चला आणि काकू दुसऱ्या, असा प्रकार आमच्याकडे सर्रास.

वसई, उत्तन, मुंबईची जुनी गावठाणं किंवा गोवा असं उत्तर आलं तर बहुधा कॅथलिक. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, पण त्या दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसं तिथेच राहिली. आडनाव डिमेलो, डाबरे किंवा परेरा, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, मराठीतून. मराठीतून मिस्सा ही मात्र तुलनेने नवी गोष्ट आहे. १९६२ ते ६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, त्यानंतर लॅटिन मागे पडून लोकभाषा आली. माझ्या सासूबाईंना लहानपणची लॅटिन उत्तरं अजून तोंडपाठ आहेत.

केरळचं कुटुंब असेल तर गावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, कारण तिथे एकाच गावात चार-पाच जुन्या ख्रिस्ती मंडळ्या असतात. येशूचा शिष्य संत थॉमस याच्यापासून आपली परंपरा सुरू झाली असं ते मानतात. पोर्तुगीजांनी त्यांना रोमच्या शिस्तीत बसवायला बघितलं तेव्हा १६५३ मध्ये मट्टांचेरीला क्रुसाला दोर बांधून त्यांनी शपथ घेतली, आणि तिथून फाटे फुटत गेले. रोमच्या पोपला मानणारे सीरो-मलबार आणि सीरो-मलंकरा, न मानणारे ऑर्थोडॉक्स आणि याकोबाइट, आणि एकोणिसाव्या शतकात सुधारणा करून वेगळे झालेले मार्थोमा. पुण्या-मुंबईत या सगळ्यांची चर्चेस आहेत.

आता प्रत्यक्ष चर्चच्या दारात. पाटीवर फार विसंबू नका. 'सेंट' दिसलं म्हणजे कॅथलिक, असं नाही. मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ सालचं, मुळात अँग्लिकन, आज सी.एन.आय.चं. पुण्यातल्या गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्चही तसंच. तिथल्या अँग्लिकन साधूंची पद्धत कॅथलिकांच्या इतकी जवळची होती, की नवखा माणूस फसतोच. (१८९० साली लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या चहावरून पुण्यात ग्रामण्य (बहिष्काराचा वाद) झालं, ते याच पंचहौद मिशनमधलं. आता उपासनेनंतरचा चहा बिनधास्त घ्या.)

पाटीपेक्षा आत समोर काय आहे ते बघा. मधोमध वेदी, तिच्या मागे किंवा बाजूला छोटी सोनेरी पेटी आणि तिच्याजवळ सतत जळणारा लाल दिवा दिसला, की बहुधा कॅथलिक. त्या पेटीत ख्रिस्तप्रसाद असतो आणि त्यात ख्रिस्त प्रत्यक्ष आहे असं कॅथलिक मानतात, म्हणून ते बाकात शिरताना एक गुडघा टेकतात. तुम्ही टेकायची गरज नाही, नुसती मान लववलीत तरी छान दिसतं. दारातल्या पाण्याच्या कुंडात बोट बुडवून क्रुसाची खूण करणारे दिसतील, तेही तुमच्याकडून अपेक्षित नाही. क्रुसावर येशूचं शरीर, बाजूला मारियामातेची आणि संतांची मूर्ती हे कॅथलिक. क्रूस रिकामा, मूर्ती नाही आणि सगळ्यात उठून दिसणारी गोष्ट म्हणजे उपदेशाचं व्यासपीठ, हे माझ्या माहेरच्यासारखं प्रोटेस्टंट. वेदीपुढे पडदा असेल आणि दाराशी चपलांचा ढीग असेल तर बहुधा ऑर्थोडॉक्स किंवा याकोबाइट. तिथे चपला काढा, बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्या, आणि पुरुष-बायका वेगवेगळ्या बाजूला उभे असतात ते बघून मगच जागा धरा. ही कुर्बाना, म्हणजे त्यांची उपासना, चांगलीच लांबते, गुडघे दुखत असतील तर मागे बसा, कुणी काही म्हणत नाही. समोर ड्रमसेट, स्पीकर आणि पडद्यावर गाण्याचे शब्द असतील तर बहुधा पेंटेकॉस्टल.

कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं याची काळजी करू नका. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा आणि पुढचे करतील तसं करा. सगळ्यात पुढे बसू नका, तिथून बघायला कुणी नसतं. कॅथलिक गुडघ्यावर जातात तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी चालतं.

प्रभूची प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', सगळीकडे येते. माझे नगरचे नातेवाईक वसईला मिस्सेला आले की इथे हमखास उघडे पडतात. प्रोटेस्टंट मंडळी 'वाइटापासून सोडव' म्हणून झाल्यावर थेट राज्य, पराक्रम आणि गौरवाची ओळ म्हणून आमेन करतात. मिस्सेत मात्र त्या जागी फादर मध्येच एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि ती ओळ लोक त्यानंतर म्हणतात. सगळं चर्च गप्प आणि आमचे मामा एकटेच खणखणीत आवाजात पुढे. तुम्हाला प्रार्थना येत नसेल तर हा धोकाच नाही. त्यानंतर शांतीचं अभिवादन असतं: शेजाऱ्याकडे वळून नमस्कार करायचा. तो कराच.

गाण्यांसाठी मात्र प्रोटेस्टंट मंडळींत जा, हे मी सासरी बसूनही म्हणते. मराठी ख्रिस्ती गीतं म्हणजे विलायती चालींवर चढवलेले मराठी शब्द, असं अनेकांना वाटतं. तशीही आहेत. पण नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर अभंग, ओव्या, पदं रचली, ती आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनंही होतात. 'उपासना संगीत' नावाचं गीतांचं पुस्तक बाकावर असेल किंवा शेजारीण पुढे करेल. गीताचा नंबर सांगितला की उघडा आणि म्हणा. बेसूर असलात तरी.

आता सगळ्यात नाजूक जागा: प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर-द्राक्षारस घेण्याचा विधी. पंथांमधली खरी भिंत इथेच आहे, बाकी सगळं सजावटीचं. कॅथलिक मिस्सेत लोक रांगेने पुढे जाऊन गव्हाची पातळ पांढरी चकती घेतात. ती फक्त कॅथलिकांसाठी. लग्नाच्या गडबडीत रांगेत ढकलले गेलात तर शांतपणे बाजूला व्हा. प्रसाद म्हणून घेऊन रुमालात बांधून घरी नेऊ नका. हे घडतं आणि मग वेदीजवळ धावपळ होते. माझी आई तिच्या मंडळीत जन्मभर प्रभुभोजन घेत आली, तरी वसईतल्या पापडीच्या चर्चमध्ये ती बाकावर बसून राहते. तिला त्याचं वाईट वाटतं आणि मला ते माहीत आहे. सी.एन.आय.मध्ये दुसऱ्या ख्रिस्ती मंडळींच्या सभासदांना सहसा भोजन देतात, पण बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. बऱ्याच ठिकाणी ते महिन्यातून एकदा असतं. ऑर्थोडॉक्सांकडे बाहेरच्यांनी पुढे जायचंच नाही. मुक्तिफौजेत हा प्रश्नच येत नाही, कारण त्यांच्याकडे ना प्रभुभोजन, ना बाप्तिस्मा. फ्रेडरिक टकर १८८२ मध्ये मुंबईत उतरला, भगवी वस्त्रं घालून फिरला आणि फकीर सिंग नाव घेतलं. त्या फौजेचा गणवेश, झेंडा आणि बँड आजही आहे. संस्कार मात्र नाहीत.

ॲडव्हेंटिस्ट मंडळींचं आमंत्रण आलं तर वार नीट वाचा: त्यांची उपासना शनिवारी असते. प्रभुभोजनाआधी ते एकमेकांचे पाय धुतात. जेवणात डुकराचं मांस नसतं, दारूही नाही.

पेंटेकॉस्टल सभेला जाताना मनाची थोडी तयारी ठेवा. हात वर होतील, लोक रडतील, अनोळखी भाषांत प्रार्थना होतील. हे अमेरिकेतून आलेलं नवं खूळ आहे, असं माझे नगरचे ज्येष्ठ म्हणतात. त्यांना मी पुणे जिल्ह्यातल्या केडगावची आठवण देते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली अशीच धार्मिक जागृतीची लाट आली, लॉस एंजेलिसच्या ज्या प्रसिद्ध सभांपासून ही चळवळ मोजतात त्यांच्या एक वर्ष आधी. आणि रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला होता अँग्लिकन चर्चमध्ये, १८८३ साली इंग्लंडात. कुठल्याही एका पंथाच्या चौकटीत त्या कधी मावल्या नाहीत. पेंटेकॉस्टल घराला मात्र गावाचा नियम लागू पडत नाही. ही मंडळी पंथ स्वतः निवडून आलेली असतात, त्यामुळे त्यांना "कसे आलात" असं सरळ विचारा. ते आनंदाने सांगतात, तासभर सांगतात.

मातीला जाताना एक फरक लक्षात ठेवा. कॅथलिक मृतासाठी प्रार्थना करतात, पुढे त्याच्या नावाने मिस्सा देतात, आणि २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावतात. वसईला त्या संध्याकाळी सगळी दफनभूमी उजळलेली असते. प्रोटेस्टंट मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, घरच्यांच्या सांत्वनासाठी करतात. त्यामुळे "आत्म्याला शांती लाभो" हे वाक्य कॅथलिक घरी अगदी योग्य, नगरच्या एखाद्या कडक पाळकसाहेबांना (प्रोटेस्टंट धर्मगुरूंना) खटकेल. दोन्हीकडे चालणारं म्हणजे "देव तुम्हा सगळ्यांना धीर देवो". फुलं दोन्हीकडे चालतात, हार घातला तरी कुणी रागावत नाही.

आणि शेवटचं, ज्यांच्या घरात खरंच दोन पंथांचं लग्न ठरतंय त्यांच्यासाठी. आधी बाप्तिस्म्याचे दाखले काढा. गावच्या चर्चच्या नोंदवहीतून ते मिळवायला वेळ लागतो, पाळक बदललेले असतात, वही कुणाच्या तरी घरी असते. दोघांचे बाप्तिस्मे पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने झाले असतील तर कॅथलिक चर्च पुन्हा बाप्तिस्मा मागत नाही, पण बिशपांची परवानगी लागते. जोडीदार ख्रिस्ती नसेल तर वेगळी सूट घ्यावी लागते. उलट बाजूने, पेंटेकॉस्टल किंवा बॅप्टिस्ट घराणं लहानपणी डोक्यावर ओतलेलं पाणी बाप्तिस्मा मानेलच असं नाही. पाण्यात पूर्ण बुडवून घ्या म्हणतील. सी.एन.आय.ने हा वाद १९७० मध्येच मिटवला. २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यांत बॅप्टिस्टही होते, म्हणून तिथे बाळाचा आणि मोठेपणीचा असे दोन्ही बाप्तिस्मे चालतात. विवाहाची घोषणा रविवारी चर्चमध्ये वाचली जाते, तेव्हा तारीख ठरवताना त्यासाठी तीन रविवार हातात ठेवा. लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस टाळा. त्या काळात लग्न लावायला फादर सहसा तयार नसतात, आणि तयार झाले तरी सासूबाई नसतात.