कॉस्टेलोचे हात कुठे सापडतील?

अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने १९५०-५१ मध्ये संघटित गुन्हेगारीवर सुनावण्या घेतल्या. त्यांचं चित्रण हवं असेल तर नुसतं ‘माफिया’ शोधू नका, सिनेमांचाच ढीग पुढ्यात येतो. ‘केफॉव्हर’ आणि १९५१ हे साल इंग्रजीत टाका. इंटरनेट आर्काइव्ह आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा कॅटलॉग, दोन्हीकडे ‘युनिव्हर्सल न्यूजरील’ (चित्रपटगृहांत दाखवले जाणारे बातमीपट) चाळा. न्यूयॉर्कच्या साक्षीत माफियाचा म्होरक्या फ्रँक कॉस्टेलोने चेहरा दाखवायला नकार दिला, म्हणून टीव्हीचा कॅमेरा त्याच्या चुळबुळत्या हातांवर रोखलेला. त्यामुळे नुसते हात दिसले तर फीत खराब आहे असं समजू नका, तोच खरा ऐवज! माफियातलाच माणूस जो वलाची याची १९६३ ची साक्ष मात्र ‘मॅक्लेलन’ या नावाने शोधा, ती सिनेटर मॅक्लेलन यांच्या समितीपुढे झाली. न्यूजरीलमध्ये तुकडेच मिळतात. सबंध जबाब वाचायचे तर हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयात सुनावण्यांचे छापील खंड पाहा.