दूध पिऊनही बाळ रडतंय? वरचं दूध देण्याआधी हे बघा

पाजून खाली ठेवलं आणि पाच मिनिटांत बाळ परत रडायला लागलं की पहिला विचार हाच येतो की आपल्याला दूध पुरत नाहीये. पण बरेचदा दूध असतं, बाळाला ते नीट ओढता येत नसतं, म्हणून आधी पकड बघा.

बाळाने मोठा आ केला की मगच जवळ घ्या, नुसतं निप्पल नाही तर भोवतीचा काळा भागपण बराचसा तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला. आधी ते भरभर चोखतं, मग दूध उतरलं की संथ होतं आणि घोट गिळल्याचा बारीक आवाज येतो, तो आवाज ओळखायला शिका, खरं काय चाललंय ते त्यावरूनच कळतं. पाजताना दुखत राहिलं तर तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून सोडवा आणि परत लावा.

घड्याळ लावून बाजू बदलू नका प्लीज. छाती रिकामी होत जाते तसं दूध जास्त स्निग्ध होत जातं, त्यामुळे एक बाजू पूर्ण पिऊ दे. घोट थांबले आणि नुसतं चघळणं सुरू झालं तर छाती हाताने हलकेच दाबून धरा, परत गिळायला लागतं. मध्येच झोपलं तर कपडे सैल करा, डायपर बदला, तळव्यांना हात लावा, ढेकर काढा आणि मग दुसरी बाजू द्या.

पोट भरलं की घट्ट आवळलेल्या मुठी आपोआप सुटतात, हात सैल पडतो.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं आणि संध्याकाळी तर काही बाळं सारखीच मागतात, ते नॉर्मल आहे, मागेल तेव्हा द्या. पाणी, मध काहीही नको.

खरा हिशोब डायपरचा आणि वजनाचा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान ६ वेळा भरपूर शू व्हायला हवी, आणि सुरुवातीला थोडं उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं. शू कमी किंवा गडद होत असेल, बाळ प्यायलाच उठत नसेल, अंग पिवळं दिसत असेल किंवा ताप ३८ डिग्री सेल्सिअस झाला तर लगेच डॉक्टरकडे न्या, रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.