लोरावॅन उपकरणांचा डेटा रेट ठरवताना या चुका टाळा

लोरावॅन म्हणजे थोडी माहिती कमी विजेत लांबवर पाठवणारे रेडिओ नेटवर्क. त्यावरची मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर, पाण्याचे मीटर किंवा जनावराच्या गळ्यातला पट्टा अशी साधी उपकरणे एका छोट्या बॅटरीवर काही वर्षे चालावीत, अशी अपेक्षा असते. ती पुरी होते की नाही, हे पुष्कळ अंशी स्प्रेडिंग फॅक्टरवर, म्हणजे प्रत्येक सिम्बॉल (सिग्नलचा एक तुकडा) हवेत किती वेळ ताणून पाठवायचा या निवडीवर ठरते. तो जितका मोठा, तितका डेटा रेट कमी. ही निवड बहुतेक वेळा टेबलावर बसून एकदाच केली जाते आणि पुढे कोणी तिच्याकडे पाहत नाही.

सर्रास आढळणारी चूक म्हणजे रेंज जास्त मिळावी म्हणून सगळी उपकरणे कायमची एसएफ12 वर, म्हणजे 12 या सर्वांत संथ स्प्रेडिंग फॅक्टरवर, ठेवणे. माहितीचे 10 बाइट आणि प्रोटोकॉलचे 13 असा 23 बाइटचा संदेश 125 किलोहर्ट्झच्या चॅनेलवर एसएफ7 ने सुमारे 62 मिलिसेकंदांत जातो. एसएफ12 ने त्यालाच सुमारे 1,483 मिलिसेकंद, म्हणजे चोवीस पट वेळ लागतो. तेवढा वेळ ट्रान्समीटर बॅटरी खात राहतो आणि चॅनेलही अडून राहतो. भारतासाठीच्या 865 ते 867 मेगाहर्ट्झ पट्ट्यात लोरावॅनचे मूळ चॅनेल तीनच आहेत, त्यामुळे उपकरणे वाढली की संदेश एकमेकांवर आदळू लागतात. मग संदेश मिळाल्याची पोच सर्व्हरकडून मागण्याची सोय सुरू केली जाते, पोच न आल्यामुळे तोच संदेश पुन्हा पाठवला जातो आणि गर्दी आणखी वाढते. गर्दीमुळे हरवलेल्या संदेशावर डेटा रेट कमी करणे हा उपाय नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि ती चांगल्या हेतूने होते: फिरत्या उपकरणावर एडीआर, म्हणजे डेटा रेट आपोआप जुळवण्याची सोय, चालू ठेवणे. लोरा चिप बनवणाऱ्या सेमटेकने सुचवलेल्या पद्धतीत सर्व्हर शेवटच्या 20 संदेशांपैकी सर्वांत चांगला एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती हे सांगणारा आकडा, घेतो, त्यातून त्या स्प्रेडिंग फॅक्टरला लागणारी किमान पातळी आणि 10 डेसिबलची राखीव वजा करतो आणि उरलेल्या प्रत्येक 3 डेसिबलला डेटा रेटची एक पायरी चढवतो. एसएफ10 ला किमान उणे 15 डेसिबल लागतात. सर्वांत चांगली नोंद उणे 1 असेल तर 14 उरतात, राखीव वजा जाता 4, म्हणजे एक पायरी, एसएफ9. जागेवर बसवलेल्या उपकरणासाठी हा हिशेब उत्तम आहे. पण समजा, पाण्याच्या टँकरवरचे उपकरण रात्रभर गेटवेजवळ, म्हणजे संदेश पकडून सर्व्हरकडे देणाऱ्या रिसीव्हरजवळ, उभे होते. सर्व्हरने त्याला एसएफ7 वर नेले आणि पॉवरही कमी केली. सकाळी टँकर टेकडीमागे गेला आणि संदेश पोहोचेनासे झाले. उत्तर न येता 64 संदेश गेल्यावर उपकरण सर्व्हरकडे विचारणा करते, आणखी 32 संदेश वाट पाहते आणि मगच पहिली पायरी उतरते. दर पंधरा मिनिटांनी एक संदेश असेल, तर याला बरोबर 24 तास लागतात. ती पहिली पायरीही पॉवर वाढवण्यात जाते. पुढची प्रत्येक पायरी आठ-आठ तासांनी येते, म्हणजे एसएफ10 वर परतेपर्यंत दोन दिवस उलटतात. म्हणून उपकरण हलत असताना एडीआर बंद ठेवून एसएफ9 किंवा एसएफ10 नेमून द्यावा आणि हालचाल ओळखणाऱ्या ॲक्सेलरोमीटरने ते स्थिर झाल्याचे सांगितल्यावरच एडीआर सुरू करावा.

जागेवरच्या उपकरणांनाही ऋतू असतात. नाशिककडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर लगेच सेन्सर बसवला, तर वेल उघडे असतात आणि एसएनआर छान दिसतो. पुढे मांडव पानांनी भरला की त्याच वाटेवर पाण्याने भरलेला पाला उभा राहतो. अशा ठिकाणी राखीव डेसिबल वाढवून ठेवणे शहाणपणाचे. येथे केवळ आरएसएसआय, म्हणजे मिळालेल्या सिग्नलची ताकद, पाहून समाधान मानू नये, कारण लोराचा सिग्नल गोंगाटाच्या पातळीखालीही वाचता येतो आणि किमान पातळीच्या वर किती डेसिबल शिल्लक आहेत हे एसएनआरच सांगतो.

संदेशाच्या लांबीकडेही दुर्लक्ष होते. या पट्ट्यात एसएफ7 वर 242 बाइट माहिती मावते, पण एसएफ10 ते एसएफ12 वर फक्त 51. टेबलावर 100 बाइटचा संदेश सुरळीत गेला, म्हणून तो शेतातही जाईल असे नाही. माहिती 51 बाइटमध्येच बसवावी.

आणि अपलिंक, म्हणजे उपकरणाकडून सर्व्हरकडे जाणारे संदेश, नीट पोहोचत असूनही उपकरण हळूहळू एसएफ12 कडे घसरत असेल, तर ॲन्टेना बदलण्याआधी डाउनलिंक, म्हणजे सर्व्हरकडून उपकरणाकडे येणारी बाजू, तपासावी, कारण सर्व्हरचे उत्तर न मिळाल्यामुळेच उपकरण घसरते. संदेश पाठवल्यावर उत्तर ऐकण्यासाठी उपकरण दोनदा थोडा वेळ जागे राहते, त्या वेळा म्हणजे रिसीव्ह विंडो. भारतात दुसरी रिसीव्ह विंडो 866.550 मेगाहर्ट्झवर एसएफ10 ने उघडते. युरोपच्या सेटिंगमधले 869.525 आणि एसएफ12 फर्मवेअरमध्ये राहून गेले असतील, तर त्या विंडोतून काहीच ऐकू येणार नाही. एबीपी पद्धतीने, म्हणजे किल्ल्या आधीच भरून, जोडणीची देवाणघेवाण न करता, जोडलेल्या उपकरणात पहिल्या विंडोचा विलंबही हाताने भरावा लागतो, कारण जोडणीच्या वेळी तो कळवणारा संदेशच तेथे नसतो. सर्व्हर 5 सेकंदांनी उत्तर देत असेल आणि उपकरण 1 सेकंदाने ऐकून झोपत असेल, तर सर्व्हरच्या नोंदीत डाउनलिंक गेलेली दिसते आणि उपकरणाच्या सीरियल लॉगमध्ये तिचा मागमूस नसतो.